बँकॉकहून आल्यावर माझ्याकडे गोळी मागू नका

कराडात एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर माझं मेडिकल आहे, १९९८ पासून. एखादा पुरुष आत येतो, काउंटरला मी दिसते, मग तो प्रोटीन पावडरच्या डब्यांवरची नावं वाचत उभा राहतो. बाकीची गिऱ्हाइकं निघून जाईपर्यंत खोकल्याच्या गोळ्या घेतो. शेवटी हळूच विचारतो, "वैनी, दादा न्हाईत का?" दादा म्हणजे माझे मिस्टर. ते हिशेब बघतात. फार्मसीची पदवी माझी आहे आणि दादांना विचारलंत तरी ते मलाच हाक मारणार, तीही मोठ्यानं. त्यामुळे थेट मला सांगितलेलं बरं.

सांगतात ते असं: "उन्हाळी लागलीय. एक हाय पॉवरची द्या, दोन दिवसात बसंल असली."

पूर्वी हे हायवेवरचे ट्रकवाले असायचे. आता त्यांच्यात 'स्कीम'वालेही असतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खत, सिमेंट, रंग, बियाणं यांच्या कंपन्या वर्षाचा कोटा पुरा करणाऱ्या डीलरला फिरायला नेतात. चार रात्री, पाच दिवस, बऱ्याचदा बँकॉक-पट्टाया. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडनं भारतीयांना व्हिसा माफ केला, तेव्हापासून गावातले मित्रमित्रही आपापले जाऊ लागले. जाऊ देत. मी गिऱ्हाइकाचं चारित्र्य तपासत नाही, औषधाची एक्सपायरी तपासते. पण परत आल्यावरची पहिली चूक माझ्या काउंटरवर होते, आणि त्या चुकीत कितीतरी वर्षं मीही सामील होते, म्हणून हे लिहितेय.

निघताना

एका ग्रुपचा म्होरक्या यादी घेऊन आला होता. बावीस माणसं. अझिथ्रो ५०० या अँटिबायोटिकच्या दहा पट्ट्या, जुलाबासाठी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलच्या दहा. "तिकडं कुणाचं पोट बिघडलं तर सकाळी एकेक सगळ्यांनाच देऊन टाकायची, म्हणजे टूरचा बट्ट्याबोळ नको." जुलाब एकाला, गोळी बावीस जणांना!

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी सुमारे दोन हजार प्रवाशांची जाण्याआधी आणि आल्यावर शौचाची तपासणी केली होती. तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. जाताना ज्यांच्या आतड्यात पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन जातीच्या औषधांना न जुमानणारे जंतू नव्हते, त्यांच्यापैकी ३४ टक्के लोक येताना ते घेऊन आले. दक्षिण आशियात, म्हणजे आपल्याकडे, फिरून गेलेल्यांत हे प्रमाण ७५ टक्के. (म्हणजे त्यांच्या दृष्टीनं आपणच पट्टाया.) ज्यांनी प्रवासात अँटिबायोटिक घेतलं, त्यांना हा धोका आणखी जास्त होता. कारण सरळ आहे. गोळी पोटातल्या साध्या जंतूंना झाडून काढते आणि मोकळ्या झालेल्या जागेत दांडगे जंतू बस्तान बसवतात.

म्हणून त्या म्होरक्याला मी दिलं ते एवढंच: माणशी चार ओआरएस, पॅरासिटामॉल, अँटासिड, बस लागण्यावरची गोळी, चिकटपट्ट्या. शौचात रक्त पडलं किंवा ताप चढला तर तिथला डॉक्टर, एरवी मीठ-साखर-पाणी. आणि पिशवीत सगळ्यात वर निरोधाची दोन मोठी पाकिटं ठेवली. तो म्हणाला, "वैनी, बिलावर लिवू नका." म्हटलं, बिलावर 'सर्जिकल' लिहिते.

निरोधाबद्दल तीनच गोष्टी, कारण बाकीचं पाकिटावर लिहिलेलं असतं. पैशाच्या पाकिटात ठेवू नका; बसून बसून, घासून आणि उष्णतेनं ते कमजोर होतं. खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावू नका. लॅटेक्सला तेल लागलं की ते काही मिनिटांत फाटायला आलेलं असतं. लावायचंच तर पाण्यात विरघळणारी जेली मिळते, ती घ्या. आणि तोंडानं केलेल्या संबंधालाही ते लागतं. हे तिसरं वाक्य मी काउंटरवर फार थोड्यांना सांगू शकले, म्हणून इथं लिहून टाकते. परम्याचे, म्हणजे गनोरियाचे, जंतू घशात मुक्काम करतात आणि बहुतेक वेळा घसा दुखतसुद्धा नाही.

स्कीमची तारीख महिनोन्‌महिने आधी ठरते. तेव्हा हिपॅटायटिस-बीची लस सुरू करून घ्या: पहिला डोस, एक महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. आज चाळिशीत असलेल्यांना लहानपणी ही लस मिळालेली नाही.

७२ तास, पण कशाचे?

पुण्यात नोकरी करणारी एक मुलगी गोव्याहून थेट घरी आली होती. तिनं ७२ तासांची गोळी मागितली. दिली. जाता जाता म्हणाली, "म्हणजे आता काहीच टेन्शन नाही ना?" तिला मागे बोलावलं. ती गोळी दिवस राहू नयेत म्हणून असते. एचआयव्ही, परमा, गरमी (सिफिलिस) यांच्याशी तिचा काही संबंध नाही.

दुसरे ७२ तास एचआयव्हीचे. निरोध फाटला किंवा वापरलाच नाही, आणि समोरच्याची तब्येत माहीत नाही, तर एचआयव्हीची लागण टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. जितकी लवकर तितकी बरी, आणि रोज घेऊन २८ दिवसांचा कोर्स पुरा करायचा. यालाच पीईपी म्हणतात. तास मोजायचे ते त्या रात्रीपासून, पुण्याला विमान उतरल्यापासून नव्हे. मंगळवारी रात्री पट्टायात घडलं आणि शुक्रवारी उशिरा घरी पोचलात, तर दार बंद झालेलं असतं. म्हणून तिथंच विचारा. बँकॉकमध्ये थाई रेड क्रॉसची निनावी तपासणीची क्लिनिक आहे, परदेशी माणसालाही तिथं हे उपचार मिळतात. इकडे आल्यावर तास शिल्लक असतील तर सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात किंवा एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधं मिळतात तिथं) जा. रात्री काही सुचत नसेल तर १०९७ हा एड्स नियंत्रणाचा फोन लावा, पैसे पडत नाहीत.

परत आल्यावर

इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून आधी दिवस सांगते.

पू येणं आणि लघवीला आग ही परम्याची खूण पुरुषात साधारण दोन ते सात दिवसांत दिसते. क्लॅमिडिया हाही संबंधातूनच लागणारा आजार, त्याला एक ते तीन आठवडे लागतात आणि पुष्कळांना, बायकांना तर बहुधा, काहीच जाणवत नाही. गरमीचा फोड साधारण तिसऱ्या आठवड्यात येतो, पण दहा दिवसांपासून नव्वद दिवसांपर्यंत कधीही येऊ शकतो. हा फोड दुखत नाही. हीच त्याची लबाडी. तो तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरतोही, माणूस सुटल्यासारखा निःश्वास टाकतो, आणि आजार आत शिरलेला असतो. पुढे तळहात-तळपायांवर न खाजणारे डाग उठले की लोक माझ्याकडे ॲलर्जीची गोळी मागतात.

त्रास नसेल तरी दोन आठवड्यांनी लघवीची तपासणी, सहा आठवड्यांनी रक्ताची (गरमीसाठी व्हीडीआरएल, आणि एचआयव्ही), आणि तीन महिन्यांनी रक्ताची पुन्हा एकदा. विमानतळावरून थेट लॅबमध्ये जाऊन 'सगळं निल आलं' म्हणून पेढे वाटू नका. आठव्या दिवसाचा एचआयव्ही रिपोर्ट त्या ट्रिपबद्दल काहीच सांगत नाही. उलट पू येत असेल, फोड असेल तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

आता लघवीची बाटली. आपल्या गावातल्या लॅबवाल्याच्या तोंडात एकच वाक्य बसलेलं असतं: "मधल्या धारेची आणा." साध्या युरीन कल्चरला ते बरोबर आहे. परमा आणि क्लॅमिडियाच्या तपासणीला, जिला नॅट म्हणतात, पहिल्या धारेची लघवी लागते, पंचवीस-तीस मिली, आणि त्याआधी निदान एक तास लघवीला गेलेलं चालत नाही. जंतू मूत्रमार्गाच्या भिंतीला असतात, पहिल्या धारेबरोबर ते धुऊन येतात. मधली धार दिलीत तर हाच पहिला ऐवज संडासात गेला. लॅबवाल्याला स्पष्ट विचारा: "परम्याची नॅट आहे की रूटीन?" रूटीनमध्ये 'पस सेल्स १५ ते २०' येतं, कुणीतरी त्याला उन्हाळी म्हणतं आणि पुन्हा गाडी माझ्या दुकानाकडे वळते.

आणि तपासणीच्या आधी अँटिबायोटिक घेऊ नका. एकही नको. पुवातले जंतू वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते बघायचं असतं. तुम्ही रात्री गोळी घेतलीत तर सकाळी कल्चरमध्ये काही उगवत नाही, आणि काय आहे हे न कळताच उपचार करावे लागतात.

मी काय केलं होतं

२००३-०४ च्या सुमाराला एक ट्रक ड्रायव्हर यायचा, नाशिकला कांदा भरायचा. पहिल्या वेळी मी त्याला सिप्रोफ्लॉक्सासिनची एक गोळी दिली, चिठ्ठीशिवाय. तेव्हा सगळेच देत होते, हे समर्थन नाही, पण खरं आहे. त्याला बरं वाटलं. दोन महिन्यांनी पुन्हा आला, या वेळी सिप्रोनं काही हललं नाही, अझिथ्रो दिली. मग अजून दोनदा. पाचव्या वेळी त्याची बायको आली. ओटीपोटात दुखतंय, दुखायची गोळी द्या म्हणाली. मी डायक्लोफेनॅक दिली. त्याच्या चार खेपा आणि हिचं पोट यांचा मेळ मला लागला नाही. वर्षभरानं तिच्या जावेकडून कळलं की पिशवीला आणि नळ्यांना सूज निघाली, साताऱ्याला ॲडमिट होती. तिला एकच लेकरू. पुढचं राहिलंच नाही.

माझ्या गोळीनं त्याचा पू थांबत होता, पण आजार घरी पोचायचा थांबत नव्हता. आग असती तर तो घाबरून डॉक्टरकडे गेला असता. मी त्याचं घाबरणं घालवलं.

आणि जंतू काय शिकत होता ते नंतर वाचत गेले. परम्याला एकेकाळी सल्फाची औषधं पुरायची, मग पेनिसिलिन. १९७६ साली पेनिसिलिनलाच तोडून टाकणारे परम्याचे जंतू सापडले, त्यांचा माग पश्चिम आफ्रिका आणि आग्नेय आशियापर्यंत जात होता. म्हणजे तेव्हाही हा जंतू प्रवाशांबरोबरच हिंडत होता. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं २००७ मध्ये सिप्रोच्या जातीची औषधं परम्यासाठी बंद केली, २०१२ मध्ये सेफिक्झिमची गोळी पहिल्या पसंतीतून काढली, २०२० च्या डिसेंबरात अझिथ्रोची जोडही काढली. उरलं सेफ्ट्रायॅक्सोनचं इंजेक्शन. २०१८ साली ब्रिटनमधल्या एका माणसाचं प्रकरण गाजलं. संसर्ग आग्नेय आशियातला, सेफ्ट्रायॅक्सोनलाही दाद न देणारा आणि अझिथ्रोला तर मुळीच नाही. इंजेक्शननंतर लघवी साफ आली, घशातला जंतू मात्र तसाच! शेवटी एर्टापेनेम नावाचं, दवाखान्यात शिरेतून द्यायचं औषध तीन दिवस द्यावं लागलं.

घसा पुन्हा आला बघा. आपल्या सगळ्यांच्या घशात परम्याचे निरुपद्रवी भाऊबंद राहतात. सर्दीला अझिथ्रो, जुलाबाला अझिथ्रो, दाढदुखीला अझिथ्रो असं करत आपण त्या भाऊबंदांना वर्षानुवर्षं तालीम देतो. मग परम्याचा पाहुणा उतरला की तो त्यांच्याकडून तयार जनुकं उचलतो. त्यात अझिथ्रोचं शेपूट लांब: अंगातलं औषध निम्मं व्हायला जवळजवळ ६८ तास लागतात. तीन दिवसांचा कोर्स संपला तरी पुढे कितीतरी दिवस अंगात थोडं थोडं औषध रेंगाळतं. मारायला अपुरं, शिकवायला पुरेसं.

म्हणून आता माझ्याकडे मागितलंत तर मी देत नाही. पट्टीवर उभी लाल रेघ दिसते ना, ती चिठ्ठीशिवाय न देण्याची खूण. सेफिक्झिमसारख्या औषधांना तर मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन लागू आहे: रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध, नग, सगळं वेगळ्या रजिस्टरात लिहून तीन वर्षं जपावं लागतं. शेजारचा देतो म्हणालात तर खुशाल जा, पण तो देतोय ती अझिथ्रोच असणार.

मोबाईलवर वाचून आलेल्यांसाठी एक: संबंधानंतर हे आजार होऊ नयेत म्हणून डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक घेण्याचा जो प्रकार आहे, त्याबद्दल सीडीसीनं २०२४ मध्ये सूचना काढल्या आहेत, त्या ठरावीक लोकांसाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ट्रिपला जाताना खिशात टाकायची ती गोळी नव्हे.

डॉक्टरकडे

स्टँडच्या भिंतीवर 'निराश होऊ नका, दर मंगळवारी अमुक लॉज, रूम नंबर चार' असं रंगवलेलं असतं. तिथं नको. त्वचारोगतज्ज्ञ शोधा, पाटीवर केस, लेझर, सौंदर्य यांच्या खाली बारीक अक्षरात 'गुप्तरोग' असतं, तोच तुमचा डॉक्टर. पैसे नसतील किंवा ओळखीचं कुणी भेटेल ही भीती असेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात 'सुरक्षा क्लिनिक' असते, तपासणी आणि औषध फुकट. एचआयव्हीची चाचणी आयसीटीसी या सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्रात होते, तुमच्या संमतीनं, आणि रिपोर्ट दुसऱ्याला सांगायला २०१७ च्या कायद्यानं मनाई आहे.

तिथं चार गोष्टी न विचारता सांगून टाका: कुठल्या देशात, कोणत्या तारखेला, कुठल्या कुठल्या मार्गानं संबंध आला (तोंड, गुदद्वार, सगळं), आणि बाईबरोबर की पुरुषाबरोबर. डॉक्टरला तुमची लफडी ऐकण्यात रस नसतो, त्याला फक्त स्वॅब कुठून घ्यायचा हे ठरवायचं असतं. देश सांगायचा कारण तिथल्या जंतूवर औषध बदलू शकतं. आणि आधी काही गिळलं असेल तर रिकामी पट्टी दाखवा. "काहीतरी पांढरी गोळी होती" याचा काही उपयोग नाही.

गरमीचं एक बरं आहे. इतकी वर्षं झाली तरी तिचा जंतू पेनिसिलिनला अजून भितो. लवकर सापडली तर बेन्झाथिन पेनिसिलिनचं कंबरेतलं इंजेक्शन, एकदाच. दुखतं खूप, पण भागतं. अझिथ्रोवर मात्र तिला सोडू नका, कितीतरी ठिकाणी ती आता अझिथ्रोलाही जुमानत नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ते आधीच सांगा.

घरी

उपचार सुरू झाल्यावर किमान सात दिवस संबंध नाही, आणि बायकोचेही उपचार त्याच वेळी. एकट्यानं औषध घेतलंत तर पुढच्या महिन्यात ती तुम्हाला तुमचाच आजार परत देईल.

मागच्या पावसाळ्यात एक बियाणंवाला आला होता. मी गोळी दिली नाही म्हणून चिडून गेला, आणि चौथ्या दिवशी चिठ्ठी घेऊन परत आला. इंजेक्शन झालं होतं, पुढे डॉक्सीसायक्लिन, दिवसाला दोन, सात दिवस. मी पट्टीवर पेनानं तारखा लिहून दिल्या. दुधाबरोबर, अँटासिडबरोबर, लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका. भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवं होऊ नका, नाहीतर घशाखाली अन्ननलिकेत जखम होते. उन्हात जपून, कातडी भाजते. तिसऱ्या दिवशी बरं वाटेल, तरी चौदाच्या चौदा संपवा.

"आणि वैनींची चिठ्ठी?"

तो गप्प. मग म्हणाला, "तिला काय सांगू? तुमीच सांगा कायतरी. उष्णता म्हणून देऊ का?"

नाही. लपवून भाकरीत घालायचं हे औषध नव्हे. तिला दिवस गेले असतील तर डॉक्सी चालत नाही, दुसरं औषध लागतं. तिला ॲलर्जी असेल तर ती तिलाच माहीत. तिला तपासायलाच हवं. जे सांगायचं ते चार वाक्यांत सांगा: मला आजार झालाय, तो तुलाही झाला असेल, लक्षणं दिसत नाहीत, उद्या दोघं डॉक्टरकडे जाऊ. कसा झाला हे ती विचारणार. तिथं मी काही मदत करू शकत नाही.

दोन दिवसांनी ते दोघं आले. ती बाकावर बसली, माझ्याकडे बघितलं नाही. चिठ्ठी त्यानं पुढे केली. मी विचारलं ते तिला, त्याला नाही: शेवटची पाळी कधी आली, पेनिसिलिन कधी घेतलंय का, पोटात दुखतं का. उत्तरं तिनं दिली. तिची पट्टी मी वेगळ्या पाकिटात घातली आणि त्यावर तिचं नाव लिहिलं.